पांढरं काँक्रीट, भंडारदऱ्याचा चुना आणि 'टिकाऊ' हा शब्द

'शाश्वत वाहतुकीसाठी पांढऱ्या काँक्रीटचा पूल' हा संशोधनाचा विषय ऐकायला छान वाटतो. पण शाश्वत म्हणजे किती वर्षं, असं मुलाखतीत विचारलं तर तुम्ही काय सांगाल? उत्तरासाठी आधी भंडारदऱ्याला जाऊ.

प्रवरेवरचं हे 82 मीटर उंच दगडी धरण 1910 मध्ये बांधायला घेतलं. 10 डिसेंबर 1926 ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पोरबंदरला 1914 मध्येच सिमेंटचा कारखाना निघाला होता, तरी अशा धरणांची भिस्त तेव्हा चुन्यावरच होती. चुन्यातून पाणी झिरपत राहिलं की तो थोडा थोडा विरघळतो आणि भिंतीवर पांढरे ओघळ उमटतात. म्हणजे जुन्या धरणावरचा पांढरा रंग ही शोभा नसते, ती झिजेची नोंद असते.

1969 मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीला तडे गेले, गळती वाढली. पण खाली संगमनेर-श्रीरामपूरकडची शेती याच पाण्यावर उभी होती. मग पोलादी केबल ताणून आणि मागून काँक्रीटचे टेकू देऊन भिंत सावरली गेली. एवढ्यावरून 'चुना वाईट' असा निष्कर्ष काढू नका. धरण शंभरीला आलंय ते चुना आणि दुरुस्ती, दोन्हींमुळे.

आता पूल बघू. अमेरिकेत मिनियापोलिसचा 1967 चा पोलादी पूल 1 ऑगस्ट 2007 ला कोसळला आणि 13 माणसं गेली. त्याजागी 2008 मध्ये काँक्रीटचा पूल झाला. त्याचं आयुष्य 100 वर्षं धरलंय आणि पुढे लाइट रेल नेता येईल अशी सोयही ठेवलीय. पुलाच्या दोन्ही टोकांना पांढरे, नागमोडी खांब आहेत. त्यांच्या सिमेंटमधलं टायटॅनियम डायऑक्साइड उन्हात मळ आणि हवेतले काही प्रदूषक तोडतं.

पांढरं काँक्रीट उजेड परतवतं, कमी तापतं. पण त्याचं सिमेंट पांढरं ठेवायला लोह जवळजवळ काढून टाकावं लागतं. भट्टीत कच्चा माल वितळायला मदत करतं ते हेच लोह. ते नसलं की तापमान वाढवावं लागतं, इंधन जास्त जळतं. म्हणजे पूल उभा राहण्याआधीच खर्चाचा आकडा मोठा झालेला असतो. तो फिटतो की नाही, हे पूल किती वर्षं टिकतो यावर ठरतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना हिशेब कुठून सुरू करताय, भट्टीपासून की उद्घाटनापासून, हे पहिल्याच पानावर स्पष्ट करा. आणि उद्घाटनाच्या फोटोंपेक्षा दुरुस्तीच्या नोंदवह्या आधी मागा. भंडारदऱ्याची खरी गोष्ट 1926 मध्ये संपत नाही, ती 1969 नंतर कळते. तुमच्या पुलाचं 1969 कधी येईल, आणि तेव्हा त्याला टेकू कोण देईल?