देहूरोडचा विहार आणि कामगाराचे शील

पंचशील ग्रहण करताना उपासक प्रत्येक शीलाच्या अखेरीस एक क्रियापद उच्चारतो : 'समादियामि', म्हणजे 'मी स्वीकारतो'. हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. ही बाब व्याकरणाची असली तरी तिचे महत्त्व व्याकरणापुरते नाही. त्याच्या जोडीस येणारा शब्द आहे 'सिक्खापद', म्हणजे शिकावयाचा पाठ. शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे. ज्याने त्याने स्वतः घेतलेला आणि रोज गिरवावयाचा तो पाठ होय. हा पाठ गिरवावयाचा कोठे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्याच्या इतिहासाच्या आधारे करणार आहोत.

या परिसरात धम्म प्रथम आला तो कष्टकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संगतीने. देहूरोडच्या पश्चिमेस शेलारवाडीच्या डोंगरात, ज्यास आज घोरावडेश्वर म्हणतात, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील लेणी आहेत. तेथील एका लेखात धेनुकाकट येथील एका शेतकरी कुटुंबातील स्त्रीने पुत्रासह लेणे दान दिल्याची नोंद आहे. तिचा पती 'हालकिय', म्हणजे नांगर धरणारा होता. पुढे मावळात कार्ले येथील चैत्यगृहातही धेनुकाकटच्या एका सुताराने आणि एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानांचे लेख आहेत. या लेखांत दात्याच्या नावाजवळ त्याचा व्यवसाय कोरलेला आहे. उपजीविका सांगण्यात त्यास संकोच नव्हता. जे दान दिले ते याच कमाईतून दिले, हे त्याला सांगावयाचे होते. 'देयधम्म' या शब्दाचा भार अशा रीतीने सुताराच्या वाकसावर आणि शेतकऱ्याच्या नांगरावर येतो.

यानंतर अनेक शतकांनी या भागात धम्माची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यानंतर 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोड येथील विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली. सामान्य माणसास समजेल असा बुद्धधम्मावरील ग्रंथ आपण लिहीत असल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले. तो ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. नागपूरची धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. देहूरोडचा विहार तिच्याही आधीचा आहे. याच 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला आणि या माळरानाचे औद्योगिक नगरात रूपांतर होऊ लागले.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. देहूरोडचे नाव ज्यामुळे वाढले ते लष्कराच्या आयुध भांडारामुळे. येथील अनेक बौद्ध कुटुंबांची चूल डेपोच्या पगारावर पेटली. इकडे अंगुत्तरनिकायात तथागतांनी उपासकास वर्ज्य असे पाच व्यापार सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला शस्त्रांचा आहे. तेव्हा आमच्या वडिलांची भाकरी सम्यक् आजीविकेची होती काय, असा प्रश्न या वस्तीतील सुशिक्षित तरुण आमच्या पालि वर्गात विचारतात. तो टाळण्याजोगा नाही.

प्रथम शब्द पाहू. सुत्तात शब्द आहे 'वणिज्जा', व्यापार. अट्ठकथाकार त्याचा अर्थ शस्त्रे करवून घेऊन ती विकणे असा करतात. म्हणजे बोट आहे ते नफ्यासाठी हा उद्योग उभारणाऱ्याकडे. भांडारात पेट्या मोजणारा मजूर त्या अर्थाने वणिक् नव्हे. तथापि एवढ्यावर थांबणे म्हणजे शब्दाच्या आडोशाला उभे राहणे होय. कर्माचे मूळ चेतनेत आहे असे तथागत सांगतात. म्हणून मजुरासही स्वतःच्या चेतनेचा हिशेब चुकत नाही.

परंतु हा हिशेब इतिहास बाजूला ठेवून मांडता येत नाही. गावगाड्यात महार समाजाचे काम जन्माने ठरलेले होते. महार वतनाच्या नावाखाली बलुत्यावर आणि तुटपुंज्या इनामावर रात्रंदिवस राबावे लागे. ही वतने बाबासाहेबांच्या दीर्घ विरोधानंतर 1958 च्या कायद्याने रद्द झाली. त्या माणसांच्या ठायी शील नव्हते असे मुळीच नाही. पण उपजीविका निवडण्याची मोकळीक त्यांना नव्हती. ही मोकळीक डेपोच्या, रेल्वेच्या आणि कारखान्याच्या रोख पगाराने प्रथम मिळाली. जो स्वतःच्या श्रमाचा धनी झाला, तोच उपजीविकेविषयी 'समादियामि' म्हणू शकतो. मुलांनी आज हा प्रश्न विचारावा, एवढी स्वतंत्रता त्या पगारानेच त्यांच्या घरात आणली.

मग शील ओळखावे कसे? संयुत्तनिकायात कोसलराज पसेनदीची कथा आहे. काही जटाधारी व अन्य परिव्राजक जाताना पाहून राजाने त्यांना हात जोडले आणि हे अर्हत् असावेत असे भगवंतांना सांगितले. भगवंतांनी उत्तर दिले की शील सहवासाने कळते, व्यवहाराने शुद्धता, आपत्तीत धैर्य आणि चर्चेत प्रज्ञा. तीही दीर्घकाळाने आणि लक्षपूर्वक पाहणाऱ्यालाच. तेव्हा राजाने कबूल केले की ते आपलेच हेर होते. आता ते जटा काढून, स्नान करून सुखोपभोगात रमतील.

या चारही कसोट्या विहाराबाहेरच्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. सहवास चाळीत घडतो. तेथे भिंतीपलीकडचे भांडण आणि दारूचा वास लपत नाही. व्यवहार उधारीत आणि भिशीत घडतो. देहूच्या तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. ती कथा आजही सांगितली जाते, कारण तीत सावकाराच्या घरात जन्मलेला माणूस व्यवहाराच्या कसोटीवर उतरतो. आपत्ती कारखाना बंद पडतो तेव्हा येते. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, तेव्हा अनेक घरांना ती भोगावी लागली. आणि चर्चा युनियनच्या सभेत होते, जेथे राग येऊनही असत्य न बोलणे कठीण असते.

शीलाचा भार मात्र सर्वांवर सारखा नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये आहेत : सेवकाच्या शक्तीप्रमाणे काम नेमून देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. यानंतरच सेवकाची कर्तव्ये येतात. दिलेले तेवढेच घेणे आणि काम नीट करणे ही त्यांपैकी दोन. चाकणच्या पट्ट्यात मोठ्या मोटार कारखान्यांच्या छायेत सुट्या भागांचे असंख्य छोटे कारखाने चालतात आणि त्यांत कंत्राटी कामगार राबतात. उत्पादन वाढावे म्हणून पॉवर प्रेसचे सुरक्षा-कवच काढले आणि कामगाराची बोटे तुटली, तर तो प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. तो पहिल्या शीलाचा होतो. सदोष भाग पास करणाऱ्या हाताचा प्रश्न चौथ्या शीलाचा होतो. पहिला भंग ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा. दुसरा कोणाचाही असू शकतो.

दरवर्षी 25 डिसेंबरला देहूरोडच्या धम्मभूमीवर उपासक-उपासिका मोठ्या संख्येने येतात आणि पंचशील ग्रहण करतात. ते योग्यच आहे. तथापि शेलारवाडीच्या त्या मातेने आपल्या दानाच्या लेखात नांगराचा उल्लेख केला, तसा आपणास आपल्या व्यवसायाचा उल्लेख निःसंकोचपणे करता येईल काय, हे प्रत्येकाने पाहावे. विहारात शील घेतले जाते. ते घेतले होते की नाही, हे दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत आपल्या शेजारी उभा असलेला माणूस जाणतो.