पंधरा मिनिटांची भेट: दारू सोडण्याची एक पद्धत कशी सापडली

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. यात दारू सुटत नसलेली दोन माणसं आहेत, एक टेलिफोन आहे आणि एक प्रश्न आहे. तो प्रश्न बऱ्याच घरांत हळू आवाजात विचारला जातो: "ह्यांची दारू सुटणार कशी?" ऐकणं जमत नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पूर्ण एपिसोड इथे लिहून देतोय.

आपल्याला जायचंय १९३५ सालच्या अमेरिकेत. पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण ही गोष्ट पहिल्याच प्रयत्नात जमलेली नाही.

शपथेचं काय झालं?

एप्रिल १८४०. बाल्टिमोर शहर. एका गुत्त्यात बसून पिणाऱ्या सहा मित्रांनी ठरवलं की बस्स, आता बंद. त्यांनी एक संघटना काढली आणि तिला जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव दिलं. म्हणून यांना वॉशिंग्टोनियन म्हणतात. तोपर्यंत दारूबंदीवाले म्हणजे कधीच न प्यायलेले सज्जन लोक, आणि ते बेवड्यांना भाषण देणार. या सहा जणांनी उलटं केलं. व्यासपीठावर उभं राहून ते स्वतःचीच कहाणी सांगायचे: मी असा प्यायचो, माझं असं झालं, आता असा आहे. ऐकायला आलेला पिणारा माणूस चमकायचा. अरे, हा तर माझंच सांगतोय!

बघता बघता ही चळवळ देशभर पसरली. काही वर्षांत लाखो लोकांनी शपथ घेतली असं सांगतात. २२ फेब्रुवारी १८४२ ला स्प्रिंगफील्ड गावात त्यांच्यासमोर एका तरुण वकिलाने भाषण केलं. मुद्दा असा होता की पिणाऱ्याला शिव्या देऊन तो सुधारत नाही, त्याच्याशी मित्रासारखं बोलावं लागतं. त्या वकिलाचं नाव अब्राहम लिंकन.

आणि मग? काही वर्षांतच सगळं विस्कटलं. दारूबंदीचा कायदा हवा की नको, कुठल्या पक्षाच्या बाजूने उभं राहायचं, धर्माचं काय, यावरून भांडणं लागली. ज्यांना दारूशी काही घेणंदेणं नव्हतं असेही लोक आत आले. शिवाय शपथ घेतल्यावर पुढे रोज काय करायचं, याची पक्की व्यवस्था नव्हती.

इथे मी जरा थांबतो, कारण शपथ हा प्रकार मी जवळून पाहिलाय. माझ्या एका मामांनी किती शपथा घेतल्या याचा हिशोब फक्त आजीकडे होता. देवासमोर, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा आळंदीला जाऊन. दर वेळी पंधरा दिवस, महिना, फार तर दिवाळीपर्यंत. घरातले म्हणायचे, "त्याच्या मनातच नाही." मला ते पटायचं नाही, कारण शपथ घेताना मामा खोटं रडत नव्हते. मग इच्छा असूनही अडतं कुठे? हा एपिसोड करायचं खरं कारण तेच आहे.

चार वेळा दवाखाना

आता न्यूयॉर्क. बिल विल्सन, जन्म १८९५. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात असताना प्यायला लागला. मग वॉल स्ट्रीटवर शेअर्सचा अभ्यास करून पैसे कमावले. १९२९ ला बाजार कोसळला आणि हाही कोसळला. बायको लोइस नोकरी करून घर चालवत होती.

मॅनहॅटनमध्ये टाउन्स हॉस्पिटल नावाचा, पैसेवाल्या दारुड्यांचा दवाखाना होता. बिल तिथे चार वेळा भरती झाला. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ त्या काळात वेगळं बोलायचे. ते म्हणायचे, हा चारित्र्याचा दोष नाही, आजार आहे. काही लोकांच्या शरीराला दारू एक प्रकारे बाधते, पहिला घोट गेला की थांबताच येत नाही. आणि मन पुन्हा पुन्हा त्या पहिल्या घोटाकडेच नेतं. आजचं विज्ञान हे वेगळ्या शब्दांत सांगेल, पण "तू वाईट नाहीस, आजारी आहेस" हे वाक्य तेव्हा मोठं होतं.

चौथ्या वेळच्या आधी बिलचा एक जुना पिणारा मित्र, एबी थॅचर, त्याच्या घरी आला. न प्यायलेला! ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका ख्रिस्ती गटात जाऊन तो सावरला होता. डिसेंबर १९३४ मध्ये बिल शेवटचा भरती झाला. तिथे त्याला एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव आला, असं तो सांगतो. त्यानंतर तो कधीच प्यायला नाही.

पण इतिहासासाठी महत्त्वाचं आहे ते पुढचं. बिल दवाखान्यातून बाहेर पडला आणि दिसेल त्या दारुड्याला सुधारायला निघाला. घरी आणून ठेवायचा, जेवू घालायचा, आपल्या अनुभवाबद्दल प्रवचन द्यायचा. पाच-सहा महिने गेले. सुधारलेल्यांची संख्या: शून्य.

तो वैतागला. तेव्हा लोइसने एक गोष्ट दाखवून दिली: या सगळ्या काळात तू स्वतः मात्र प्यायला नाहीस. आणि सिल्कवर्थनी सल्ला दिला की प्रवचन बंद कर, आधी आजाराबद्दल बोल. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल झाली होती, पण लॉगमध्ये भलतीच कामाची ओळ सापडली होती.

अ‍ॅक्रनचा फोन

मे १९३५. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळे टायरवाले इथलेच. बिल एका कंपनीचा ताबा मिळवायच्या भानगडीत तिथे आला होता. डाव फसला. शनिवारी संध्याकाळी तो मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकटा, खिशात थोडेसे डॉलर. अमेरिकेतली दारूबंदी दीडच वर्षापूर्वी, १९३३ मध्ये उठली होती. समोर बार. आतून हसण्याचे आवाज.

लॉबीच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चांची यादी. बिल बारकडे न जाता फोनकडे गेला. त्याने एका पाद्र्याला फोन लावला, आणि काय मागितलं? मदत मागितली असती तर समजण्यासारखं होतं. त्याने मागितला एक दारुडा, ज्याच्याशी बोलता येईल! पाच-सहा महिने तो लोकांना वाचवायला जात होता. आता तो स्वतः वाचावा म्हणून दुसरा माणूस शोधत होता.

फोनाफोनी करत तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचला. गुडइयरच्या संस्थापकाच्या या सूनबाई. त्यांच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉक्टर बॉब स्मिथ, जे पिऊन पिऊन सगळं घालवायच्या बेतात होते. त्या दिवशी डॉक्टर येण्याच्या अवस्थेतच नव्हते. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, बायको अ‍ॅनबरोबर आले, ते अट घालून: पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही. थांबले रात्री अकराच्या सुमारापर्यंत.

झालं काय? बॉब स्वतः डॉक्टर, ऑक्सफर्ड ग्रुपमध्येही जाऊन आलेले. उपदेशाची कमी नव्हती. पण समोरचा माणूस उपदेश करतच नव्हता. तो बाटल्या कुठे लपवायचो, हात कसे थरथरायचे, सकाळी स्वतःला काय सांगायचो, ते सांगत होता. आणि वर म्हणत होता की मला तुमची गरज आहे. असं बॉबना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

सिनेमात इथे एंड झाला असता. खऱ्या इतिहासात काही आठवड्यांतच बॉब एका वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि जाताना गाडीतच सुरू झाले. परत आले ते पार कोलमडून. पुढे त्यांना एक ऑपरेशन करायचं होतं. बिल आणि अ‍ॅनने त्यांना सावरलं. ऑपरेशनच्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना एक बियर दिली. ती त्यांची शेवटची. तारीख १० जून १९३५ धरतात, आणि तोच अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस मानतात. १९५० मध्ये गेले तोपर्यंत बॉब पुन्हा प्यायले नाहीत.

तीन बदल

माझ्या मते या दोघांना तीन गोष्टी सापडल्या. एक: जन्मभराची शपथ नको. फक्त आज प्यायची नाही. उद्याचं उद्या. मामांच्या शपथेत 'कधीच नाही' असायचं, आणि एक पेग झाला की सगळंच मोडलं, मग आता प्यायला काय हरकत! दोन: एकट्याने नाही. तलफ आली की फोन करायला माणूस हवा. तीन: दुसऱ्याला मदत करणं हे पुण्याचं काम नाही, तो स्वतःच्या औषधाचा डोस आहे.

१९३९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात बारा पायऱ्या. त्यापुढची कामगिरी मला सगळ्यात हुशार वाटते. रॉकफेलर यांच्याकडे मोठा पैसा मागायला गेले, तर त्यांनी १९३८ मध्ये फक्त पाच हजार डॉलर दिले. पैशाने हे काम बिघडेल असं त्यांचं मत होतं. पुढे एएने नियमच केला: बाहेरून देणगी नाही, फी नाही, राजकारणावर मत नाही, प्रत्येक गट स्वतंत्र. वॉशिंग्टोनियन ज्या दगडांवर आपटले, नेमके तेच दगड यांनी वाटेतून काढले. १९५१ मध्ये लोइसने पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट सुरू केला. कारण आजार एकाला आणि झोप उडते अख्ख्या घराची.

मग हाच एक रस्ता का?

नाही. हे नीट ऐका. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी डायसल्फिराम हे औषध पुढे आणलं. ते घेऊन दारू प्यायली की जबरदस्त त्रास होतो. म्हणूनच ते न सांगता कुणाच्या जेवणात मिसळणं धोक्याचं आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत नाल्ट्रेक्सोनला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. एएमधली 'ईश्वरी शक्ती'ची भाषा काहींना मानवत नाही. त्यांच्यासाठी त्याच वर्षी स्मार्ट रिकव्हरी सुरू झाली. बायकांचे प्रश्न वेगळे, म्हणून १९७५ मध्ये विमेन फॉर सोब्रायटी निघाली.

आणि आकडे? २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास तपासले, एकूण १०,५६५ लोक. एएकडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांत वर्षानंतर पूर्ण न पिणारे सुमारे ४२ टक्के होते, तर समुपदेशनाच्या इतर पद्धतींत सुमारे ३५ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण चांगल्यातल्या चांगल्या पद्धतीतही निम्म्याहून जास्त लोक त्या वर्षात कधीतरी पितात. याचा अर्थ ते संपले असा नाही. बॉबही पहिल्या भेटीनंतर प्यायलेच होते.

आपल्याकडे ही कल्पना वेगळ्या रूपात रुजली. १९८६ च्या २९ ऑगस्टला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. निमित्त ब्राउन शुगरचं होतं, पुढे दारूचे पेशंटही येत गेले. तिथेही डॉक्टर आहेत, औषधं आहेत, आणि व्यसनातून बाहेर आलेले मित्र नव्या माणसाशी बोलायला आहेत. त्याआधीपासून गावोगाव माळ घालून दारू सोडणारे वारकरी आहेतच. रोजचा नेम, सोबतीला दिंडी, आणि माळ पाहून पेला पुढे न करणारं गाव. यंत्रणा ओळखीची वाटते ना?

मामा आता दर शनिवारी एका मीटिंगला जातात. किती वर्षं झाली, असं विचारलं की ते म्हणतात, "आजचा दिवस झाला." आजीने हिशोब ठेवणं सोडून दिलंय.

शेवटी एक कामाची गोष्ट. रोज खूप पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे १४४४६, टोल फ्री. आणि तुमच्या घरात कुणी असेल, तर "मनातच नाही" हे वाक्य आजपासून बंद करून बघा. त्याऐवजी त्यांना असं कुणी भेटवता येतंय का ते बघा, जो स्वतः त्यातून गेलाय. पंधराच मिनिटांसाठी.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.