वाडा पाहायला सगळे येतात

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ अशी आपली म्हण आहे. घर पाहावं विकून, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. जुन्या माणसांच्या हिशेबात राहतं घर ही विकायची वस्तूच नव्हती. अडचण आली तर धान्य विकावं, बैल विकावा, अगदीच वेळ आली तर जमिनीचा तुकडा गहाण टाकावा. पण घर गेलं म्हणजे घराणं गेलं, अशी समजूत होती. त्या समजुतीतून बांधलेले किती तरी वाडे आज मराठवाड्यातल्या गावांत कुलूप लावून उभे आहेत. मालक पुण्याला, सोलापूरला किंवा संभाजीनगरला असतात. वाडा विकायचा असतो, पाहायला माणसंही येतात, पण घेणारा सापडत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीचा आमचा वाडा त्यांतलाच एक. तो विकायला काढून तीन वर्षं झाली. पाहायला येणाऱ्यांची नोंद मी एका वहीत ठेवतो. आजवर २३ नोंदी झाल्या. त्यांतले काही गल्लीतलेच. लहानपणापासून ढेलजेच्या पुढे कधी गेले नव्हते, म्हणून आतला चौक पाहायला आले. काही व्यापारी, काही निवृत्त नोकरदार. सगळ्यांनी चहा घेतला, खांबांवरची नक्षी पाहिली आणि मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसारखं ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून निघून गेले. आकडा एकानंच सांगितला. तो जुन्या लाकडाचा व्यापारी होता आणि त्याचा भाव वाड्याचा नव्हता, फक्त सागवानाचा होता.

सुरुवातीला आम्हाला वाटायचं, आपण किंमत जास्त सांगतो. पण किंमत जास्त असेल तर माणूस कमी करून मागतो, घासाघीस करतो. इथं कुणी मागतच नव्हतं. मग मी येणाऱ्यांचे प्रश्न लिहून ठेवू लागलो. तेव्हा दिसलं की ते फिरून फिरून त्याच तीन गोष्टींवर येतात: भिंत, कागद आणि सह्या. या तिन्हींमागे गेल्या शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

आधी भिंत. आमच्या वाड्याची भिंत अडीच हात जाड आहे. आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मधे माती व कपचीची भर. वर माळवद, म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दगड जवळचाच, माती गावच्या पांढरीची. बाहेरून आणलं ते फक्त सागवान. बार्शीला अरुंद रुळांची रेल्वे १८९७ मध्ये आली. आमचं लाकूड त्या गाडीनं बार्शीला उतरलं आणि तिथून बैलगाडीनं वाशीला आलं, असं घरात सांगत. अशा घरात उन्हाळ्यात गारवा असतो. पण जाड भिंतीचं कारण तेवढंच नव्हतं. हा मुलूख निजामाचा. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि मधून संस्थानची सरहद्द. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीनं इकडची अनेक कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर या जिल्ह्यातल्या मुसलमान कुटुंबांवर संकट कोसळलं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या चौकशी अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. अशा दिवसांत घराची किंमत त्याच्या दाराच्या अडसरावरून होत असे. जाड भिंत म्हणजे सुरक्षितता, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

हा अर्थ एका पहाटेत उलटा झाला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी वाशीपासून अंदाजे शंभर किलोमीटरवर आहे. माणसं मेली ती मुख्यतः घरांच्या भिंती आणि माळवदं अंगावर पडून. तज्ज्ञांनी नंतर सांगितलं, दोष दगडाचा नव्हता. दगडांचे दोन थर एकमेकांत बांधलेले नव्हते, सांध्यात नुसती माती होती आणि छतावर भार फार होता. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही, ही आपली रीत. वर्षानुवर्षं असंच चाललं की माणूस माथ्यावर मातीचा ढिगारा घेऊन झोपतो. भिंतीत आरपार बांधदगड घालणं, वरून पट्टा बांधणं, माळवदावरची माती कमी करणं हे उपाय भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या काळात लोकांना सांगितले गेले. पण ऐकणाऱ्याच्या मनात उपाय राहिला नाही, भीती राहिली. म्हणून चाळिशी ओलांडलेला कुणीही वाडा पाहायला आला की आधी भिंतीवर हात ठेवतो आणि मग वर बघतो. त्याच्या मनात वाडा पाडण्याचा खर्च तिथंच सुरू होतो.

दुसरी गोष्ट कागद. शेताला सातबारा असतो, तसा गावठाणातल्या घराला नसतो. आमच्याकडे आजोबांच्या वडिलांच्या नावचा एक जुना दस्त आहे. तो उर्दूत आहे, कारण निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. त्यावर सन आहे १३४१. येणाऱ्याला वाटतं, हा शिवकाळाच्याही आधीचा कागद! हा फसली सन आहे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे साधारण १९३१. दस्तात चतुःसीमा दिली आहे ती माणसांच्या नावांनी: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याचा वाडा. त्या घरांपैकी एकही आज त्या नावावर नाही. दुसरा कागद म्हणजे नमुना आठचा उतारा. पुष्कळांना तो मालकीचा पुरावा वाटतो. खरं तर तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. कर कुणाकडून घ्यायचा, एवढंच तो सांगतो. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारनं २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केली. गावांच्या दृष्टीनं ते मोठं काम आहे. पण नकाशात घराची बाहेरची रेघ दिसते, आतले हिस्से दिसत नाहीत. कागद असा अपुरा आणि इमारत जुनी, की कर्ज मिळणं अवघड. म्हणजे गिऱ्हाईक हवं ते रोख पैसेवालं. आणि रोख पैसा असलेला माणूस महामार्गाजवळ प्लॉट बघतो. सोलापूर-धुळे रस्ता तालुक्यातून जातो; चारचाकी दारात उभी राहील अशी जागा तिकडे मिळते. आमची गल्ली बैलगाडीच्या मापाची आहे.

तिसरी गोष्ट सह्या. माझ्या मते खरी अडचण हीच. आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. १९७८ मध्ये चौकात बसून तोंडी वाटणी झाली. थोरल्या चुलत्यांना पूर्वेचा सोपा, माझ्या वडिलांना माडी, धाकट्या चुलत्यांना परसदाराची बाजू. ढेलज, आड आणि देवघर सामाईक. आत्यांचं नाव कुणी काढलं नाही. त्या काळी तो अन्याय आहे असं बोलायचीही पद्धत नव्हती. आज वारसांची मोजणी केली तर १७ नावं निघतात आणि त्यांतली ९ बायकांची आहेत.

कायदा या काळात केवढा चालत आला ते पाहण्यासारखं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण कलम २३ मध्ये एक खुंटी मारून ठेवली. राहत्या घराची वाटणी मुलीनं मागायची नाही. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिला तिचा वाटा मिळेल. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद मिटवला आणि कलम २३ सुद्धा काढून टाकलं. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते, यानं मुलीच्या हक्कात फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. त्याच निकालात तोंडी वाटणी सहसा ग्राह्य धरता येणार नाही, तिला सरकारी कागदांचा भक्कम आधार हवा, असंही सांगितलं. आमच्या १९७८ च्या वाटणीला आधार आहे तो चौकातल्या बैठकीचा.

यात आणखी एक जुना कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्यानं विकत घेतला, तरी त्याला त्या घरात कुटुंबाबरोबर ताबा मागता येत नाही. १८९३ च्या वाटणीच्या कायद्यानुसार असा परका कोर्टात वाटणी मागायला गेला, तर घरचे लोक त्याचा हिस्सा ठरलेल्या किमतीला परत विकत घेऊ शकतात. हेतू चांगला होता. परका माणूस माजघरात शिरू नये. पण ज्या कायद्यानं घर राखलं त्यानंच गिऱ्हाईकही दूर ठेवलं. एक सही जरी राहिली, तरी घेणाऱ्यानं घर घेतलेलं नसतं, त्यानं एक दावा घेतलेला असतो. कळंब तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी वाडा पाहून झाल्यावर मला म्हणाले, ‘वाडा लई झकास हाय बगा. पर मी वाडा घिऊ, का तुमची भावकी घिऊ?’ तीन वर्षांत इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आकडा का सांगत नाहीत? गिऱ्हाईक मनात हिशेब करतं: जागेची किंमत, वजा पाडण्याचा खर्च, वजा वकिलाची फी, वजा काळजी. उरलेला आकडा इतका लहान असतो की ओळखीच्या घरात बसून, त्यांचाच चहा पिऊन तो उच्चारणं त्याला अपमान केल्यासारखं वाटतं. खेड्यात पडता भाव सांगणं म्हणजे समोरच्याची पडती बाजू बोलून दाखवणं. म्हणून तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला आपण ‘अजून योग नाही’ असं नाव देतो.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली; एकूण घरांच्या जवळजवळ १४ टक्के. खेड्यातली वडिलोपार्जित घरं हा त्यातला मोठा प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्या वारसांची नोंदच न झाल्यानं मालक कोण हे ठरेना, तेव्हा एप्रिल २०२४ पासून तिथं वारसनोंद तीन वर्षांच्या आत करणं सक्तीचं झालं. भिंत आणि छत नंतर. आधी माणसांची नावं.

आमच्याकडेही सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं मी भावंडांना सांगतो आहे. सगळ्यांना सोपा वाटतो तो मार्ग म्हणजे हक्कसोडपत्र. आत्यांना साडीचोळी करायची, तालुक्याला न्यायचं, सही घ्यायची. अशा सह्या आपल्याकडे किती घरांत झाल्या असतील ते आपण जाणतोच. माझ्या धाकट्या चुलत्यांनी हे आत्याच्या कानावर घातलं. ती आता ऐंशीच्या घरात आहे. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘आदी माझं नाव लिवा. मंग सोडायचं का न्हाई ते मी बगते.’

तिचं म्हणणं मला न्यायाचं वाटतं आणि व्यवहाराचंही. ज्या यादीत तिचं नाव नाही त्या यादीवर कोणता शहाणा माणूस इसार देईल? म्हणून मी तीन कामं या क्रमानं धरली आहेत. पहिलं, १७ वारसांची पूर्ण यादी, आत्या आणि त्यांची मुलं धरून. विक्रीच्या पैशात प्रत्येकाचा वाटा किती, हे विक्रीच्या आधी कागदावर. दुसरं, मोजणी आणि उर्दू दस्ताचं मराठी भाषांतर. तिसरं, किंमत दोन आकड्यांत सांगायची: जागेची वेगळी, सागवानाची वेगळी. म्हणजे गिऱ्हाईकाला आमचा मान राखण्यासाठी गप्प बसावं लागणार नाही.

भावंडांतल्या काहींना हे पटत नाही. आत्यांचा वाटा धरला तर प्रत्येकाच्या हाती कमी येईल, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. पण गेल्या पावसाळ्यात माडीची एक तुळई वाकली आणि गल्लीकडच्या भिंतीला पोट आलं. त्या गल्लीतून शाळेची मुलं जातात. वाटा कमी की जास्त, याचा विचार करायला आपल्याकडे किती पावसाळे आहेत, ते ती भिंत ठरवणार आहे. यादी मी करायला घेतली आहे. पहिल्या दोन ओळींत दोन्ही आत्यांची नावं लिहिली आहेत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)