काम मागणाऱ्यांचा जिल्हा

दौंडहून मनमाडला निघालेली गाडी श्रीगोंदा, नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव अशी दक्षिणेकडून उत्तरेकडे जवळजवळ अख्खा नगर जिल्हा ओलांडते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, रूळ मात्र जुन्याच भरावावर आहेत. सुमारे 145 मैलांचा हा मार्ग 1878 साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर राबली ती 1876-77 च्या दुष्काळात कामावरून सुटलेली माणसं. पाऊस गेला, पेरण्या गेल्या, आणि पहिली कुऱ्हाड पडली ती सालगडी आणि रोजंदारीवाल्यांवर. ज्या घरात मालकालाच खायला नाही, तिथे गड्याला कोण ठेवणार?

कारखान्याने नोटीस लावून माणसं कमी केली की त्याला आपण ‘कपात’ म्हणतो. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही कपात दर काही वर्षांनी आभाळातून यायची, तीही नोटीस न देता. त्यामुळे काम गेल्यावर माणसं काय करतात, कशाच्या बळावर तग धरतात, याचा इथला इतिहास लांबलचक आहे. तो बराचसा कुदळ, घमेलं आणि मस्टर यांच्याभोवती फिरतो.

इंग्रज सरकारच्या लेखी दुष्काळी काम ही एक परीक्षा होती. काम गावापासून लांब ठेवायचं आणि मजुरी जेमतेम जगण्यापुरती द्यायची. मग खरोखर नडलेलाच तिथवर येईल, असा हिशेब. म्हणजे काम मागायला आलेला माणूस आधी लबाड धरायचा आणि लबाड नसल्याचं त्याने अंग मोडून सिद्ध करायचं. (नोकरी गेलेल्या माणसाकडे पाहण्याची ही नजर पुढेही फारशी पातळ झाली असं वाटत नाही.) जानेवारी 1877 मध्ये, भारत सरकारने दुष्काळ पाहायला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार, मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इथवर उतरवण्यात आली. घराजवळच्या छोट्या कामांवरच्या लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर हलवायचे हुकूम सुटले. तेव्हा इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले. पोटात अन्न नसताना केलेला हा संपच होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे तक्रारींचा मारा चालवला.

श्रीगोंदा तालुक्यातला विसापूरचा तलावही असाच, दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला आणि 1927 मध्ये पुरा झालेला.

पुढचा मोठा घाव 1972 चा. त्याआधीची दोन वर्षंही पावसाने नीट हात दिलेला नव्हता. राज्यात ज्या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली त्यांत नगर होता. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर रोज सुमारे 50 लाख माणसं होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशी कामं. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. त्या पिढीतल्या माणसांपुढे आजही ‘बहात्तर’ एवढंच म्हटलं तरी पुरतं, साल पुरं सांगावं लागत नाही.

या कामांवर एक गोष्ट अशी घडली की तिची नोंद आकड्यांत नीट येत नाही. एरवी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणं ज्यांना कमीपणाचं वाटे, ते जमीनवाले शेतकरीही खडी फोडायला बसले. गड्याच्या शेजारी मालक आणि त्याच मस्टरवर दोघांची हजेरी. उंबऱ्याबाहेर कामाला न जाणाऱ्या घरांतल्या बायकाही पदर खोचून घमेली वाहू लागल्या. काम जाण्यातला अर्धा मार पोटाला बसतो आणि अर्धा तोंड दाखवण्याला. हा दुसरा मार बहात्तरने बराच बोथट केला, कारण तोंड लपवायला गावात कोणी उरलंच नव्हतं. शिवाय काम टोळीने चालायचं. मोजमाप टोळीच्या खड्ड्याचं व्हायचं आणि पैसे हजेरीप्रमाणे वाटले जायचे. एखाद्याचा हात एखाद्या दिवशी चालेना झाला, तर बाकीचे तो ओढून न्यायचे. आज नोकरी शोधणाऱ्याला ‘खचू नका’ असं सांगणाऱ्यांची वाण नाही. पण त्याला टोळी नसते, ही अडचण फारशी कोणी बोलत नाही.

बहात्तरने दुष्काळी कामाला दुसरं रूप दिलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच, 1965 मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग चालवला होता. (हे विसापूर श्रीगोंद्याचं नव्हे.) त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा 1977 मध्ये विधिमंडळाने एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैशासाठी 1975 पासून शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. ज्याची नोकरी चालू आहे त्याने ज्याची नाही त्याच्या कुदळीचा खर्च उचलायचा, असा हा रोकडा व्यवहार होता. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. बाईला आणि पुरुषाला एकच दर. 1877 मध्ये परीक्षा माणसाची होती. आता ती तहसीलदाराची झाली.

कागदावर तरी. प्रत्यक्षात मजुरी महिनोन्महिने रखडायची, मोजमापात ओव्हरसियर हात मारायचा, मस्टरवर नसलेली नावं चढायची. ‘रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही’ ही म्हणच पडली. भत्ता तर क्वचितच कुणाच्या हाती पडला.

तरी याच पैशातून आणि याच हातांनी जिल्ह्यात वेगळंही काही घडलं. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीत सरकारने बांधलेला पाझर तलाव गळका निघाला होता. लष्करातून 1975 मध्ये परतलेल्या अण्णा हजारे यांनी गावकऱ्यांना घेऊन तो दुरुस्त करवला. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारातून बहात्तरनंतर माणसं मजुरीसाठी नगर, पुणे, मुंबई गाठत होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांनी रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना यांची सांगड घालून डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला बंदी केली. 1992 ते 2002 या काळात बाहेर गेलेली सुमारे 40 कुटुंबं गावात परतली. ती भाषणं ऐकून आली नाहीत, विहिरींना पाणी दिसल्यावर आली.

महाराष्ट्राच्या या कायद्याचा वारसा घेत केंद्राचा रोजगार हमी कायदा 2 फेब्रुवारी 2006 रोजी देशातल्या पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, तेव्हा त्या यादीत नगर होता. त्यात काम मागायचं ते नमुना 4 भरून, आणि 15 दिवसांची मुदत मोजली जायची ती अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. मजुरांच्या संघटना म्हणूनच एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत: तोंडी मागणी करून परतू नका, तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलू नका.