प्रोग्रामरांचा कट्टा : गप्पा, शिस्त आणि ओसरता सहभाग

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी माणसे एकमेकांना प्रत्यक्ष क्वचितच भेटतात. तरीही गेली चार दशके त्यांचा एक जगभर विखुरलेला समाज नांदत आला आहे. एकाचे अडलेले काम दुसऱ्याने सोडवायचे, तिसऱ्याने त्यावर कोटी करायची आणि चौथ्याने ते सारे वाचून शिकायचे, अशी या समाजाची रीत. त्यातील उत्तरांचे मोल सर्वांनाच कळते. उत्तरांभोवती चालणाऱ्या हलक्याफुलक्या गप्पांचे मोल मात्र त्या आटल्यावर ध्यानात येते. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या जगप्रसिद्ध प्रश्नोत्तरस्थळाचा २००८ पासूनचा प्रवास हे त्याचे ठळक उदाहरण होय.

थट्टेची जुनी परंपरा

१९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी ‘यूजनेट’ या संदेशजालाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ते सुरू झाले. तेथे तांत्रिक चर्चेइतकीच थट्टामस्करीही रंगत असे. लिखित शब्दांत आवाजाचा चढउतार नसतो, चेहऱ्यावरचे हसू दिसत नाही, ही अडचणही याच काळात जाणवू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय फलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याविषयी एक विनोद झाला आणि काहींनी ती खरीच धोक्याची सूचना मानली. त्यावरील चर्चेत १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवले, की विनोदाच्या शेवटी दोन टिंबे, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. आज मोबाइलवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याचे मूळ या खुणेत आहे.

या मंडळींचा विनोद गंभीर दस्तऐवजांतही शिरला. इंटरनेटची कार्यपद्धती नोंदवणाऱ्या ‘आरएफसी’ मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी कबुतरांमार्फत माहिती पाठवण्याची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध भाषेत प्रसिद्ध झाली. नॉर्वेतील बर्गेन येथील लिनक्सप्रेमींनी २००१ मध्ये तो प्रयोग खरोखर करून पाहिला. त्यांनी नऊ संदेश पाठवले. चारांचीच उत्तरे परत आली.

अशा गमतींना व्यावहारिक अर्थही होता. गप्पांतून अनोळखी माणसाचा स्वभाव कळे, कोणाचा शब्द प्रमाण मानावा याचा अंदाज येई आणि नवख्यालाही आपण या मंडळींपैकीच एक आहोत असे वाटू लागे.

न संपलेला सप्टेंबर

नवख्यांना सामावून घेण्याची ही प्रक्रिया सावकाश चाले. अमेरिकेत दर सप्टेंबरमध्ये नवे विद्यार्थी महाविद्यालयांत दाखल होत आणि यूजनेटवर त्यांच्या अजाण प्रश्नांची गर्दी होई. काही आठवडे थोडी थट्टा, थोडी समज असे चालले, की तेही तेथील रीतीभाती शिकत. १९९३ पासून इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले आणि नवागतांचा ओघ बारमाही झाला. जुन्या मंडळींनी या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. शिकवणारे मूठभर आणि येणारे असंख्य झाले, की कट्ट्याची जुनी रीत पुरी पडत नाही. मग नियम करावे लागतात.

उत्तरे हवीत, गप्पा नकोत

हा नियमांचा मार्ग सर्वांत यशस्वीपणे चोखाळला तो स्टॅक ओव्हरफ्लोने. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सप्टेंबर २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. रचना सोपी होती : एक प्रश्न, त्याखाली उत्तरे आणि वाचकांच्या मतांनुसार त्यांचा क्रम. उत्तराला पसंतीचे एक मत मिळाले की दहा गुण. विचारणाऱ्याने ते स्वीकारले की आणखी पंधरा. गुण वाढतील तसे अधिकार वाढत.

गप्पांना येथे हेतुपुरस्सर मज्जाव होता. प्रश्नाच्या आरंभीचा नमस्कार आणि शेवटचे धन्यवादही अनावश्यक म्हणून काढून टाकले जात. अमुक भाषा चांगली की तमुक, असे मतामतांचे प्रश्न बंद होत. आधी विचारला गेलेला प्रश्न पुन्हा आला, तर त्याला जुन्या उत्तराकडे धाडले जाई. हेतू रास्त होता. दहा वर्षांनी येणाऱ्या वाचकाला शंभर गप्पा ओलांडून उत्तर शोधावे लागू नये, हा तो हेतू. त्याचे फळही मिळाले. सारा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने कोणालाही तो विनामूल्य वापरता आला. संकेतस्थळाच्या वार्षिक सर्वेक्षणांत भाग घेणाऱ्यांच्या संख्येत भारत नेहमीच वरच्या देशांत राहिला आहे. जवळपास जाणता मार्गदर्शक नसलेल्या विद्यार्थ्याला, मग तो फोंड्याचा असो की बेळगावचा, जगातील निष्णातांचे उत्तर घरबसल्या वाचता येऊ लागले.

तरीही माणसाचा स्वभाव नियमांना वळसा घालतोच. एचटीएमएलची उकल ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ने करू नये, हे सांगता सांगता वेड लागल्याचे सोंग घेणारे २००९ मधील एक उत्तर इतके गाजले, की नियमांत न बसूनही ते राखून ठेवण्यात आले. गप्पांची गरज ओळखून २०१० मध्ये संकेतस्थळाला स्वतंत्र गप्पाकक्षांची जोड मिळाली. तेथे बोलण्यासाठी वीस गुणांची अट होती. जावास्क्रिप्ट, पायथन, सी प्लस प्लस अशा एकेका भाषेच्या मंडळींचे तेथे आपापले कट्टे जमले. एक भिंत मात्र उभी राहिली. उत्तरांच्या दालनात शिस्त आणि मागच्या ओसरीवर गप्पा. नवखा माणूस पुढच्या दाराने येई. तेथे त्याचा प्रश्न बंद झाल्याची कोरडी सूचना मिळे. जिथे कोणी हसून समजावले असते, त्या ओसरीपर्यंत तो पोहोचतच नसे.

ओहोटी

एप्रिल २०१८ मध्ये, नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर उपेक्षित गटांना हे ठिकाण आपलेसे वाटत नाही, अशी जाहीर कबुली खुद्द कंपनीने दिली आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. जून २०२१ मध्ये ‘प्रोसस’ या गुंतवणूक समूहाने १.८ अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. त्याआधीच गप्पांचे बरेचसे स्थलांतर ‘स्लॅक’ आणि ‘डिस्कॉर्ड’कडे झाले होते. तेथे जिव्हाळा आहे, तत्परता आहे; पण तेथील बोलणे शोधयंत्रांना सहसा सापडत नाही. आज मिळालेले उत्तर उद्याच्या परक्या वाचकाच्या हाती लागत नाही.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. यंत्राची उत्तरे दिसायला नेटकी, पण अनेकदा चुकीची असल्याने स्टॅक ओव्हरफ्लोने आठवड्याभरातच त्यांच्यावर बंदी घातली. पुढे अशी उत्तरे काढून टाकण्याच्या अधिकारावर कंपनीने मर्यादा आणली, तेव्हा विनावेतन काम करणाऱ्या अनेक मॉडरेटरांनी जून २०२३ मध्ये संप पुकारला. मे २०२४ मध्ये कंपनीने ‘ओपनएआय’शी करार केल्यावर काही सदस्यांनी निषेधादाखल आपली जुनी उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला, त्यांची खाती काही काळ गोठवण्यात आली.

सहभागाचे आकडे बोलके आहेत. २०१४ च्या सुमारास दरमहा सुमारे दोन लाख नवे प्रश्न येत. २०२४ च्या अखेरीस ही संख्या तीस हजारांच्या आत आली. ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चॅटजीपीटी सहज उपलब्ध नसलेल्या रशियन व चिनी प्रश्नोत्तरस्थळांच्या तुलनेत येथील वर्दळ पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांनी घटली, आणि ही घट नवशिके व अनुभवी अशा दोघांतही आढळली. सारा दोष यंत्राचा मात्र नव्हे. ओहोटी आधीच लागली होती. नेहमीचे प्रश्न विचारून झाले होते आणि कठोर शिस्तीने अनेकांना दुरावले होते. जे ठिकाण केवळ उत्तरासाठी गाठायचे, तेथे जाण्याचे कारण अधिक तत्पर आणि कधीही न रागावणारा उत्तरदाता मिळताच उरले नाही.

कट्टा मोडल्यावर

यंत्राची सोय नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला चारचौघांत अडाणी ठरण्याची भीती वाटते, त्याला यंत्राशी एकांतात बोलणे दिलासा देणारे असते. पण या एकांताची किंमत सार्वजनिक आहे. यंत्र शिकले ते माणसांनी एकमेकांसाठी उघड्यावर लिहून ठेवलेल्या उत्तरांतून. नवी भाषा येईल, नवी साधने येतील, त्यांत नवे दोष निघतील. त्यांचे पहिले उत्तर कोणा माणसालाच शोधून लिहावे लागेल. ते लिहिण्याची उमेद केवळ गुणांनी टिकत नाही. आपण लिहिलेले ओळखीचे कोणी वाचेल, त्यावर एखादी कोटी करील आणि चूक असेल तर कान धरील, या भरवशावर माणूस रात्री जागून परक्याची अडचण सोडवतो. प्रोग्रामरांच्या कट्ट्यावरील गप्पांनी हा भरवसा चार दशके पुरवला. उत्तरांचा संचय आज सुरक्षित आहे. त्यात नवी भर घालणारी माणसे पुन्हा कुठे जमतील, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.