दांताची कबर आणि ‘गरीब’ फकीर

बीड शहराच्या दक्षिणेकडे एका टेकडीवर घुमटाची एक जुनी वास्तु आहे. तिच्याखालीं कोणी पीर अगर सरदार पुरलेला नसून दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याचा एक दांत पुरलेला आहे, असें सांगतात. ही केवळ गांवगप्प नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरास इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्यानेंही ती हकीकत नमूद केली आहे. इ. स. १३३५ च्या सुमारास मअबरचें, म्हणजे दूर तामिळ देशांतलें, बंड मोडण्यास निघालेला सुलतान वरंगळास सांथीमुळें अडला. पुष्कळ सैनिक मेले, तो स्वतः आजारी पडला, आणि परत फिरतांना बीडच्या मुक्कामीं दांतदुखीनें हैराण झाला. दांत निघाला, तो समारंभानें पुरण्यांत आला व वर इमारत उठली. फिरिश्ता हें पावणेतीनशें वर्षांनीं लिहीत होता, म्हणून तपशिलावर हातचें राखूनच विश्वास ठेवावा. परंतु मोहीम फसली व मअबर कायमचें हातचें गेलें, हें निर्विवाद आहे. एवढा मुलूख गेला त्याची खूण या बाजूस कोठें नाहीं. दांत गेला त्याची मात्र आहे!

बीडहून सुलतान पैठणास व पुढें दौलताबादेस गेला. तेथें त्याच्याच हुकुमानें सर्वस्वास मुकलेली माणसें आठ वर्षें राहत होतीं. १३२७ सालीं त्यानें देवगिरीस दौलताबाद नांव देऊन राजधानी केली व दिल्लीकरांस तिकडे हलविलें. सगळी दिल्ली ओस पडली ही अतिशयोक्ति आहे. हलले ते मुख्यतः अमीर, उलेमा, सूफी व त्यांचे परिवार. पण ज्यांस घरदार सोडावें लागलें त्यांस या विवेचनाचें काय सुख! ‘फुतूह-उस्-सलातीन’चा कर्ता इसामी त्या वेळीं लहान होता. त्याचा नव्वदीचा आजोबा दिल्लीजवळच तिलपत येथें, पहिल्याच मजलेस वारला. तेवीस वर्षांनीं लिहितांनाही इसामीच्या लेखणींतला संताप निवलेला नाहीं.

या निर्वासितांत शेख बुऱ्हाणुद्दीन नांवाचे सत्तरी ओलांडलेले वृद्ध होते. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य. गुरु १३२५ मध्यें निवर्तले होते. म्हणजे गुरु गेला, मागोमाग गांवही गेला. त्यांचें उपनांव ‘गरीब’. आपण मराठींत हा शब्द निर्धन या अर्थीं वापरतों. मूळ अरबींत तो परक्याचा, घरापासून तुटलेल्याचा वाचक आहे. दोन्ही अर्थ या एका माणसांत नांदत होते.

दौलताबादच्या लोकांस या गरीबाकडे काय मिळत होतें? त्यांचीं संभाषणें काशानी घराण्यांतील बंधूंनीं टिपून ठेवलीं, म्हणून आपण त्याचा कांहींसा अदमास करूं शकतों. चिश्ती पंथाचा दंडक असा, कीं न मागतां आलेली भेट घ्यावी, पण सांठवूं नये. निजामुद्दीनांच्या मठांत दर शुक्रवारीं नमाजापूर्वीं कोठार झाडून रिकामें करीत. मला या रिवाजाचें मर्म फार मोठें वाटतें. दानधर्म हा त्याचा वरवरचा भाग झाला. हानि ही ज्यांस आठवड्याची संवय झाली, त्यांस राजाज्ञेनें आलेली हानि अनोळखी वाटत नाहीं. संकट आल्यावर उपदेश शोधीत फिरण्याऐवजीं हे लोक आधींच गमावण्याचा सराव करीत होते.

याचा अर्थ हातपाय गाळून बसणें, असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. ‘तवक्कुल’ म्हणजे ईश्वरावर भार टाकणें. परंतु उंट आधीं बांधावा व मग भार टाकावा, अशी पैगंबरांची शिकवण प्रसिद्ध आहे. दुःख झांकावें असेंही कोणी म्हणत नाहीं. स्टोइक तत्त्वज्ञ शोकाला विचारदोष मानीत; उलट कुराणांतील याकूब पुत्रवियोगानें रडून रडून दृष्टि गमावतो, आणि तरीही सबुरीचा आदर्श ठरतो, कारण त्याचें गाऱ्हाणें ईश्वराशिवाय कोणाजवळ नाहीं. आपली ‘सबुरी’ त्याच ‘सब्र’ची लेक. गझालीचें उदाहरण तर आम्हां अध्यापकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. १०९५ त बगदादच्या विद्यापीठांतील हा नामांकित आचार्य अंतःकरणाच्या तळमळीनें इतका खचला, कीं वर्गांत त्याच्या तोंडून शब्द फुटेना, अन्न गिळवेना. पद सोडून तो फकिराच्या वेषानें निघून गेला. पुढें त्यानें ‘इह्या’ हा ग्रंथ रचला व त्यांत सब्र आणि तवक्कुल यांवर स्वतंत्र प्रकरणें घातलीं. चिश्ती मंडळींत या ग्रंथास मोठा मान होता.

कांहीं काळानें सुलतानानें परतण्याची मुभा दिली. पुष्कळ गेले. बुऱ्हाणुद्दीन राहिले व १३३७ त तेथेंच वारले; जवळच्या खुलदाबादेस त्यांचा दर्गा आहे. इसामी तर म्हणतो, कीं दौलताबादची बरकत त्यांच्यामुळेंच होती व ती त्यांच्याबरोबर गेली. पुढें त्यांच्या नांवानें फारुकी राजांनीं तापीकांठीं बुऱ्हाणपूर वसविलें, दर्ग्यास गांवें इनाम मिळालीं. कोठार रिकामें करण्याच्या परंपरेच्या वारसांस कोठारें सांभाळावीं लागलीं, हा इतिहासाचा खोडकरपणा. खुद्द बीडासही शहेनशाह वली यांचा दर्गा आहे व तेही चौदाव्याच शतकांतले मानले जातात. बीडकरांची ये-जा दांताच्या कबरीपेक्षां तिकडेच अधिक असते.

बुऱ्हाणुद्दीनांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत, १७०७ सालीं, दिल्लीचा आणखी एक बादशहा आणून पुरण्यांत आला. पंचवीस वर्षें दक्षिणेंत झुंजून औरंगजेब अहमदनगरास मेला, आणि आपल्यावर इमारत नको अशी त्याची इच्छा होती. ती कबर उघड्या आभाळाखालीं मातीची आहे. भोंवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकांत इतरांनीं बसविली.