जबडा ‘कट्’ वाजतो, तोंड पूर्ण उघडत नाही. दोष नेमका कुठे असतो?

जांभई दिली की कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येतो? सकाळी जबडा आखडलेला वाटतो? अनेक जण कान दुखतोय असं समजून कानात थेंब घालतात. पण दुखणं कानाच्या अगदी पुढ्यात असलेल्या सांध्याचं असू शकतं. कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा.

हा सांधा वेगळा का?

खालचा जबडा हे एकच हाड, पण त्याला डावा-उजवा असे दोन सांधे. दोघांना एकत्रच हलावं लागतं, त्यामुळे एक बिघडला की दुसऱ्यावर ताण येतो. तोंड उघडताना जबड्याचं गोल टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग कवटीच्या हाडावरच्या उंचवट्यावरून पुढे घसरतं. दोन्ही हाडांच्या मध्ये एक तंतुमय चकती असते. ती गादीसारखं काम करते.

आवाज कशामुळे येतो?

चकतीला धरून ठेवणारे बंध सैल पडले की ती पुढे सरकते. तोंड उघडताना हाड पुन्हा चकतीवर चढतं, तेव्हा ‘कट्’ होतं. चकती पुढेच अडकली तर आवाज थांबतो, पण तोंड कमी उघडतं. म्हणून आवाज बंद झाला म्हणजे बरं वाटलं, असं नेहमीच नसतं. चकतीच्या मागच्या भागात नसा आणि रक्तवाहिन्या असतात. तो भाग दबला की कळ येते.

सांध्याचे बंध फारच सैल असतील तर मोठ्या जांभईत जबडा निखळतो आणि तोंड उघडंच राहतं. अशा वेळी घरी जोर न लावता दवाखाना गाठावा.

मग सगळा दोष रचनेचा?

अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये कानाच्या आणि जबड्याच्या तक्रारींचा संबंध पडलेल्या दाढांशी जोडला होता. त्यांचं हे स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही. काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर साधारण तिघांपैकी एकाची चकती सरकलेली दिसते. ताण, झोपेत दात खाणं, मार लागणं, संधिवात अशी कारणं एकत्र आली की त्रास सुरू होतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर बहुतेकदा उपचार लागत नाहीत.

रत्नागिरीत आधी विचारायचा प्रश्न

दापोली, गुहागरपासून रत्नागिरीपर्यंत सुपारीच्या बागा आहेत आणि सुपारी चघळण्याची सवयही जुनी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी साध्या सुपारीवर नाही. सतत सुपारी चघळल्याने गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. इथे सांधा ठीक असतो, दोष गालात असतो. तिखट खाल्लं की आग होणं ही त्याची खूण. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे ‘जबडा आखडलाय’ म्हणून शेकत बसणं महागात पडतं.

मूल हनुवटीवर पडलं तर?

आंब्याच्या झाडावरून किंवा जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पडलेल्या मुलाची हनुवटी शिवली जाते, पण सांधा तपासायचा राहून जातो. आतल्या दुखापतीनंतर हाडं एकमेकांना चिकटू शकतात. मग तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढ खुंटते.

दाखवायला कधी जायचं?

स्वतःची मधली तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मावतात का पाहा. मावत नसतील, दुखणं काही आठवडे टिकलं असेल किंवा जबडा अडकत असेल, तर दंतवैद्य किंवा मुखशल्यचिकित्सकाला दाखवा. जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालयही आहे. दोष सांध्यात असेल तर बहुतेकांना मऊ आहार, शेक, व्यायाम आणि गरज पडल्यास दातांवरची पट्टी एवढ्यानेच आराम पडतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.